देवराव मास्तरांचा जुगार

देवराव गेल्याची बातमी मला वडश्याच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरने तिकीट फाडता फाडता सांगितली. "तुमचे ते देवराव मास्तर गेले ना, गुरुजी. मेंदूचा मलेरिया. नाल्याले पूर होता, खाटेवर घालून आणलं, पन..." मागे रांग होती, म्हणून तो पुढे सरकला. महिना उलटला तरी माझा राग उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत देवराव आणि मी, दोघे मास्तर, एकाच खोलीत राहत होतो. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. गोंडीचा अभ्यास करायला आलेला एक परदेशी पाहुणा जाताना देवरावला एका खेळाचं इंग्रजी पुस्तक देऊन गेला. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, योद्धा नाहीतर मांत्रिक, आणि गोष्ट सगळ्यांनी मिळून पुढे न्यायची. पात्रांच्या शक्ती ठरलेल्या, सोबतीला एखादा प्राणी. देवरावने डिक्शनरी घेऊन ते पुस्तक पंधरा दिवस वाचलं आणि वैतागून मिटलं. "यातले जनावरं नोकर हायेत, भाऊ. हाक मारली का हजर. जंगलात असं होते का?"

मग त्याने आपलाच खेळ रचला. फाशांऐवजी एका बाजूने घासलेले चिंचोके. सोबती प्राण्यावर हुकूम चालायचा नाही. आधी त्याच्या नावाने चिंचोके टाकायचे, पांढरे जास्त पडले तरच तो येणार. वाघ मात्र कोणालाच मिळायचा नाही. मी फार हट्ट धरला तेव्हा म्हणाला, "वाघ सोबत नाई करत. तो फक्त जाऊ देते."

पात्रांच्या शक्ती तो मुलांनाच ठरवायला लावायचा. सहावीतल्या फुलमतीने वर्गात वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. तिने पात्र मागितलं, मोह वेचणारी. आम्ही बाकीचे मास्तर हसलो. मोह वेचणं ही काय शक्ती झाली? देवराव आमच्यावर भडकला. "मांत्रिकाले शक्ती हाय, आन हिच्या मायले नाई काऊन?" मग त्या पोरीने अडखळत सांगितलं... अंधारात वासावरून झाड ओळखायचं, खालच्या फुलांवरून कोण येऊन गेलं ते सांगायचं. सोबतीला तिने अस्वल घेतलं. चिंचोके काळे पडले की ठणकावायची, "अस्वल आज येत नाई. मोह खाऊन झोपलं." अख्खा वर्ग हसायचा, आणि ती सगळ्यांत मोठ्याने.

हे मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत खुपलं. त्यांनी अहवाल लिहिला, शाळेत जुगार चालतो. चिंचोके जप्त झाले. खाली साक्षीदाराची सही लागत होती, ती मी केली. सगळ्यांनीच केली असं मी इतकी वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. सही एकट्या माझीच होती, कारण मला बदली हवी होती. मला वडसा मिळालं, आणि देवरावला भामरागडच्या पलीकडची, पावसाळ्यात जगापासून तुटणारी शाळा. फुलमतीने दिवाळीनंतर शाळाच सोडली.

देवरावने मला कधीच जाब विचारला नाही. भेटला की चहा पाजायचा. याचाच मला सगळ्यांत जास्त राग येतो.

शोकसभेत तेच मुख्याध्यापक "खेळातून शिकवणारा हाडाचा शिक्षक" म्हणत गहिवरले. जनाची नाही तर मनाची तरी! मी उठून बोलायला हवं होतं. नाही उठलो. सवयच आहे तशी.

परवा नाल्याचं पाणी उतरल्यावर भामरागडच्या पलीकडे, देवरावच्या घरी, वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी एक वही पुढे केली. तिथल्या मुलांसाठी त्याने सगळा खेळ पुन्हा लिहून काढला होता. शेवटच्या पानावर एक नवं पात्र होतं, मास्तर. शक्ती: सही. सोबती: कुत्रा. आणि खाली त्याच्या वळणदार अक्षरात, "याच्यासाठी चिंचोके टाकू नयेत. मास्तर चुकला तरी हा येतोच."

मी ती वही जमिनीवर आपटली. अरे, दोन शिव्या द्यायच्या होत्यास! भांडायचं होतंस माझ्याशी! कुत्रा कसला देतोस?

वहिनींनी वही उचलली, पदराने पुसली.

"आपटू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पोरं येतीन आता खेळाले."