पोटाला बांधलेली नळी

चौऱ्याहत्तर सालचा चैत्र. सोलापूरच्या एका कॉलेजात, जंतू वाढवायच्या खोलीत सिद्धनाथ शिपाई होता. जन्म मेंढरांमागं गेलेला, त्यामुळं थंड कपाटातल्या काचेच्या नळ्याही तो कोकरांसारख्या जपायचा. त्यात एक जंतू परदेशातला होता. सॅमन म्हणून थंड पाण्यातला मासा असतो, त्याच्या अंगावर फोड उठवून त्याला मारणारा. आपल्या तळ्यातल्या माशांच्या जखमांशी तो ताडून बघायचं गुरुसिद्धप्पा सरांचं काम चाललेलं.

त्या जंतूची एक नळी सिद्धनाथच्या हातून फुटली आणि कपची अंगठ्यात घुसली. त्यानं फरशी औषधानं पुसली, सरांना नळी फुटल्याचं सांगितलं, रक्त आल्याचं मात्र सांगितलं नाही. डोळ्यांपुढं चुलता आला. तो फाशी रोगानं मेलेलं मेंढरू सोलायला बसला होता, बोटाला एवढीशी चीर होती, आणि चौथ्या दिवशी माणूस गेला!

घरी लेक तानाबाई बाळंतीण, पोर पाच दिवसांचं. सिद्धनाथ अंगणात झोपू लागला, ताट वेगळं केलं, नातवाकडं लांबूनच बघू लागला.

"अवं, नातू झालाय का इंचू?" बायको मायाक्का कडाडली. "डसतंय व्हय ते?"

चौथ्या दिवशी तिनं अंगठ्याची चिंधी पाहिली, सगळं वदवून घेतलं आणि त्याला धरून कॉलेजात नेलं.

सर म्हणाले, "मामा, त्याच दिवशी सांगायचं होतं. पण भिऊ नका, हा थंडाव्यातला जंतू. माणसाच्या अंगातल्या उबेत तो वाढतच नाही."

"तुमी शिकल्याली मानसं. माजा चुलताबी चवथ्या दिवसापतुर हसतच हुता की."

मग सरांनी तोच जंतू दोन ताज्या नळ्यांतल्या खळीसारख्या थरावर पेरला आणि रबरी बुचं घट्ट बसवली. "एक कपाटात राहील. दुसरी पोटाशी बांधा. तीन दिवसांनी कुठल्या नळीत वाढला ते आपण दोघं मिळून बघू."

मायाक्कानं घोंगडीची पट्टी फाडून नळी नवऱ्याच्या पोटाला आवळली. "गारठल्यालं कोकरू बांदत हुता न्हवं? तसंच समजा."

तीन दिवस सिद्धनाथ कुशीवर वळला नाही.

तिसऱ्या दिवशी घरात बारसं, आणि हा कॉलेजात. कपाटातल्या नळीत पांढरट साय धरली होती, खालचा थर चहासारखा तपकिरी झालेला. पोटाची नळी दिली होती तशीच, नितळ. सिद्धनाथनं ती उजेडाला धरली, उलटी केली, पुन्हा धरली.

"आयला! ह्या पोटावर किती कोकरं जगली, अन् ह्यो गडी उगवलाच न्हाय?"

सर हसत सुटले. सिद्धनाथ घराकडं निघाला तो जवळजवळ पळतच. हात दोनदा धुतले, पाळण्यातून नातवाला उचललं आणि पोटाशी धरलं. पोरानं तिथंच धार सोडली.

मायाक्का पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता ह्येबी नळीत भरून न्या तुमच्या सरांकडं!"