बघायचा ओटा

कोपऱ्यावरचं कौलारू घर पाडून तिथे टॉवर उभा राहिला, पण बिल्डरने घराचा दगडी ओटा तेवढा ठेवला. त्याला पॉलिश केलं, खालून पिवळे दिवे सोडले आणि वर फलक लावला : ‘आम्ही वारसा जपतो.’

काल सकाळी भाजीवाल्या मावशी डोक्यावरची टोपली उतरवून सवयीने त्या ओट्यावर टेकल्या. वॉचमन धावतच आला.

“मावशी, उठा. इथे बसायचं नाही.”

“का रे बाबा? ओटाच आहे ना?”

“ओटाच आहे. पण बघायचा आहे.”

मला शिसारी आली. घरं पडतात, शहराला जागा लागते, एवढं मलाही कळतं. पण याच ओट्यावर पोस्टमन घाम पुसत बसायचा, शाळेतून येणारी पोरं दप्तरं टाकायची, वाटसरूही कुणाला न विचारता टेकायचा. जपण्यासारखं होतं ते एवढंच. यांनी दगड ठेवला आणि माणसं हाकलली. पेंढा भरून दिवाणखान्यात उभ्या केलेल्या हरणासारखा तो ओटा आता नुसता चकाकतो.

मावशींनी टोपली उचलली आणि रस्त्यापलीकडे गटाराच्या झाकणावर जाऊन बसल्या.

तिथून ओटा फारच सुंदर दिसत होता.