खुणेचा चहा

आप्पा, म्हणजे माझे वडील, सुरतेजवळ भेस्तानला कापडाच्या लूमवर होते. लूमच्या खात्यात, म्हणजे माग चालतात त्या शेडमध्ये, इतका खडखडाट, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून कामगार हातानंच बोलतात. आप्पा ती सवय घरीही घेऊन यायचे. अंगठा ओठांकडे नेला की चहा, पंजा हलवला की थांब. माय वैतागायची. देवानं दिलेली जीभ काय लोणचं घालायला ठेवलीय का, म्हणायची.

त्यामुळे एका रविवारी तिनं भाजीचं विचारलं आणि त्यांनी नुसता डावा पंजा हलवला, तेव्हा आम्ही हसलो. आज सुट्टीलाही खातं चालू का, असं मी चिडवलंसुद्धा. तेवढ्यात त्यांच्या उजव्या हातातला पेला सुटला. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. थोड्या वेळानं वाचा परत आली, तर म्हणतात कसे, खात्यात हे आधीही झालंय. तिथं कुणाला कळणार, कप्पाळ!

मेंदूला रक्त नेणारी मानेतली नस आतून चोंदत आली होती. मुंबईहून येणारे डॉक्टर म्हणाले, जांघेतून बारीक नळी वर नेऊन तिथं जाळीदार स्टेंट बसवू, म्हणजे नस उघडी राहील. उपचार नवा आहे. मात्र आतला एखादा कण सुटून मेंदूत गेला, तर वाचा कायमची जाऊ शकते. आणि नाही केलं तरी तीच भीती. इकडे आड, तिकडे विहीर. आप्पाच म्हणाले, करून टाका.

स्टेंट बसवायच्या दिवशी सकाळी आम्ही ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर होतो. माय पदराचं टोक पिळत बसली होती. दार हललं की आम्ही दोघी उठायचो, पुन्हा बसायचो.

शेवटी आप्पांना बाहेर आणलं. डोळे उघडे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि अंगठा ओठांकडे नेला.

गेली वाचा. मायनं पुढे होऊन त्यांचा हात खाली दाबून धरला.

"हात नको. तोंडानं बोला," ती म्हणाली. रडत होती.

आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. ओठ हलले, आवाज येईना. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माले चहा दे."

त्यानंतर आमच्या घरात खुणेनं चहा कुणालाच मिळाला नाही. मागायचा तर तोंडानं, मायला चुलीपाशी ऐकू जाईल असा.