बापूसाहेब सरांची जागृत तुळस

आमच्या मुरुडात लाइटीचा विषय निघाला की मला बापूसाहेब सरच आठवतात. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मलाही छड्या मारून शिकवलं, आणि आता आमची भिंतीला भिंत आहे. वायरमन कशाला लागतो, म्हणायचे. घराचं सगळं फिटिंग स्वतःच्या हातानं केलेलं. त्यात अंधश्रद्धेचा असा राग, की त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाकाकू रोज सकाळी अनवाणी तुळशीला पाणी घालायला लागल्या की हे मुद्दाम पेपर तोंडापुढं धरायचे.

काकू म्हणायच्या, तुळशीपाशी पाय झिणझिणतात, तुळस जागृत हाय. गल्लीतल्या चार बायका पाया पडून गेल्या, त्यात माझी आई. सरांनी कपाळाला हात लावला आणि लातूरहून व्हिटॅमिन बी-बाराच्या गोळ्या आणून दिल्या.

या उन्हाळ्यात काकू नांदेडला लेकीच्या, देविकाच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना एकच सांगून गेल्या, तुळशीला पाणी घालत जा. सरांनी तत्त्व म्हणून घातलं नाही. चौथ्या दिवशी घरातली लाइट मंद झाली. आठव्या दिवशी नुसती फडफडायला लागली. सरांनी बल्ब बदलले, बटणं बदलली, मग गल्लीतली डीपीच खराब आहे म्हणाले. त्याच डीपीवर माझ्या घरी लख्ख उजेड! शेवटी मीच मल्लेश वायरमनला घेऊन आलो. सर तोंड वाकडं करून उभे.

मल्लेश वायर तपासत तपासत अंगणात आला आणि त्यानं तांब्याभर पाणी मागून तुळशीच्या बुडाशी ओतलं. घरातला बल्ब भगभगीत पेटला. मी तर हातच जोडणार होतो.

मल्लेशनं मात्र सरांकडं बघितलं. मीटरपासून येणारी न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी वायर कधीच जळून गेली होती. सरांनी दोन दिवसांपुरती म्हणून ती जोडणी अर्थिंगच्या सळईवर घेतली, आणि सळई पुरलेली तुळशीशेजारी. त्या दोन दिवसांना सहा वर्षं झाली. घरातला सगळा करंट काकूंच्या पाण्यानं ओल्या राहणाऱ्या त्या मातीत उतरायचा, त्यावरच लाइट चालू होती.

“काकू हितंच अनवाणी उभ्या राहायच्या ना, सर?” मल्लेश म्हणाला. “नशीब म्हणा.”

सर मटकन पायरीवर बसले. मला त्यांची दया आली, आणि खोटं कशाला बोलू, रागही लई आला. मल्लेशनं नवी न्यूट्रल ओढली, सळईवरची ती जोडणी तोडून टाकली. काकूंना यातलं काही सांगायचं नाही, असं सरांनी आम्हा दोघांकडून कबूल करून घेतलं.

दीड महिन्यानं काकू आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घातलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. मी भिंतीपलीकडं दात घासत होतो.

“आज पाय झिणझिणत न्हाईत,” त्या म्हणाल्या.

“गोळ्यांचा गुण,” सर पेपरामागून म्हणाले.

“गोळी तर मी एक बी खाल्ली न्हाई. डबी तशीच हाय फडताळात.” काकू पायरीपाशी आल्या. “काय केलंत तुम्ही?”

सरांनी पेपर खाली ठेवला.