शांत पाण्याचं मॉडेल

मॉडेलमधलं पाणी शांत होतं, आणि तीच आमची अडचण होती.

सुतारशाळेमागच्या शेडमध्ये सागवानी फळ्यांचा एक हौद ठेवला होता, एका बाजूला काच लावलेला. मरोद्याकडच्या एका पंपहाउसमधल्या खऱ्या हौदाची ही लहान नक्कल. खऱ्या हौदाला आम्ही संप म्हणायचो. कालव्याचं पाणी आधी संपमध्ये येतं आणि तिथून पंप ते ओढून घेतो. आजची पोरं हे काम कॉम्प्युटरवर करतात आणि त्याला सिम्युलेशन म्हणतात. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आमचं सिम्युलेशन म्हणजे लाकूड, काच, पाणी आणि बाजारातून आणलेली कपड्यांची नीळ. नीळ पाण्यात सोडायची आणि ती कुठं जाते ते बघत बसायचं.

हे सगळं मांडलं होतं, कारण पंपहाउसमध्ये एक माणूस मेला होता. बिसाहू त्याचं नाव. जवळच्याच खेड्यातला, अवजड सामान हलवणारा खलाशी. चालू पंप एकाएकी थरथरायला लागला, कपलिंग फुटलं आणि तुकडा बिसाहूच्या छातीत बसला. कपलिंग म्हणजे मोटर आणि पंप यांचे दांडे जोडणारा जोड. दोन्ही दांडे एका रेषेत नसले तर तो फुटू शकतो. त्यांना रेषेत आणायचं काम, म्हणजे अलाइनमेंट, फिटर तुळशीराम मेश्रामने केलं होतं. अपघातात सगळं जागचं हललं, त्यामुळे आधी ते बरोबर होतं का हे तपासायची सोय उरली नव्हती. सगळ्यांचं बोट मेश्रामकडे गेलं. त्याला काम बंद करून घरी बसवून ठेवलं. चौकशीत दोष सिद्ध झाला असता तर नोकरी जाणारच होती, वर एका मरणाचा ठपका.

दुसरं एकच कारण शक्य होतं. संपमध्ये भोवरा पडला तर पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो, आणि मग असाच हिसके देतो. ते बघायला मॉडेल. मी ज्या कंत्राटदार कंपनीत होतो तिच्या डिझाइन ऑफिसने ते काम माझ्यावर टाकलं. माझे साहेब पुण्याचे, हुशार आणि कायम घाईत.

“भोवरा दिसला?”

“नाही साहेब.”

“मग हौदात दोष नाही. हौदात नाही तर माणसात असणार. रिपोर्ट टाइपला द्या.”

“थोडे दिवस द्या साहेब.”

“कशाला? तो तुमच्या नागपूरकडचा आहे म्हणून?”

मी नागपूरचा, मेश्रामही तिकडचाच. दोघांच्याही घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. साहेबांना ते ठाऊक होतं आणि त्यांना काय म्हणायचंय ते मलाही कळलं. अंगाचा तिळपापड झाला.

“मॉडेलला माझी जात ठाऊक नाही, साहेब,” मी म्हणालो.

त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, “सोमवारपर्यंत.”

मी पाण्याचा वेग वाढवून पाहिला. पातळी उतरवून पाहिली. फळ्या गुळगुळीत आहेत म्हणून वाळू चिकटवून खडबडीत केल्या. नीळ दोन्ही बाजूंनी सारखी यायची आणि पंपाच्या तोंडात शिरायची. कसला भोवरा अन् कसलं काय! साहेबांचं बरोबर असेल, मी उगीच आपल्या माणसासाठी पाणी ढवळतोय, असंही मनात येऊन गेलं. त्या विचाराची लाज वाटली नाही, भीती वाटली.

शेवटी मेश्रामच्या क्वार्टरवर गेलो. सेक्टर दोनमध्ये राहायचा.

“मेश्रामभाऊ, चला. मले एकदा जागा दाखवा.”

“मी काय दाखवू साहेब? अलाइनमेंटचा डायल तं बरोबर दाखवत होता. पण पोरगं मेलं ना! आता माह्या हातानं झालं का नाही, हेच मले समजून नाही राहिलं.” मग हळूच म्हणाला, “त्याच्या मायले भेटून आलो. तिनं मले शिवी बी नाही देल्ली. कावून नाही देल्ली?”

आम्ही सायकली काढल्या.

पंपहाउसला जायला सगळे एकच शॉर्टकट धरायचे. कालवा संपमध्ये शिरतो त्या तोंडाशी अर्ध्या रुंदीत मातीच्या पोत्यांचा बंधारा घातलेला होता, त्यावरून. पलीकडे पुढच्या पंपांचं फाउंडेशन व्हायचं होतं, ती बाजू कोरडी राहावी म्हणून तो घातला होता. मी मधोमध गेलो आणि थांबलो. खाली पाणी उरलेल्या अर्ध्या वाटेतून तिरकं आत घुसत होतं.

“काय झालं साहेब?” मेश्रामने विचारलं.

“आपण कायच्यावर उभे आहो?”

“बंधाऱ्यावर.”

“हा माह्या मॉडेलमध्ये नाही.”

मॉडेल ड्रॉइंगवरून केलं होतं, आणि ड्रॉइंग पुऱ्या झालेल्या पंपहाउसचं होतं. त्या काळात आमच्या तोंडी दोनच शब्द असायचे, ‘होणार’ आणि ‘टेम्पररी’. जे होणार ते आम्हाला झाल्यासारखंच दिसायचं. टेम्पररी गोष्टीवरून रोज चालत गेलो तरी ती दिसत नसे.

सोमवारी साहेबांसमोर मी मॉडेलमध्ये त्याच जागी अर्ध्या रुंदीत ओल्या मातीचा गोळा दाबून बसवला आणि पाणी सोडलं. आधी काहीच झालं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग नीळ एका कडेने वळली, गोल फिरली, मधे खळगा पडला आणि तिची दोरी होऊन थेट पंपाच्या तोंडात गेली. हवेचा गुरगुर आवाज आला.

साहेब वाकून बघत राहिले. “हा बंधारा ड्रॉइंगमध्ये कुठं आहे?”

“कुठंच नाही. फक्त कालव्यात आहे.”

त्यांनी गोळा स्वतःच्या हाताने काढला. पाणी शांत झालं. परत बसवला, परत भोवरा. मग हात पुसत म्हणाले, “तुम्हाला जे बोललो ते बोलायला नको होतं.” साहेब लोक एवढं म्हणत नसत त्या काळी. मी मान हलवली.

बंधारा काढला. नवं कपलिंग बसवलं, अलाइनमेंट पुन्हा मेश्रामनेच केली. पंप पहिल्या दिवसापासून गुमान चालला. चौकशीच्या अहवालात कारण लिहिलं गेलं, ‘टेम्पररी बंधारा’, आणि मेश्राम सुटला.

तो बिसाहूच्या आईला सांगायला गेला तेव्हा मला सोबत घेऊन गेला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि छत्तीसगढीत विचारलं, “त गलती काखर रिहिस?” मग चूक कोणाची होती? मेश्रामने माझ्याकडे पाहिलं. मी सांगू लागलो, की कोणा एकाची नाही, बंधारा तात्पुरता होता, आणि मधेच थांबलो. तिचा मुलगा काही तात्पुरता मेला नव्हता.

मॉडेल खोटं बोलत नाही. त्याला जेवढं विचारावं तेवढंच ते सांगतं. आम्ही त्याला पुऱ्या झालेल्या कारखान्याबद्दल विचारत बसलो होतो, आणि बिसाहू मेला होता अर्धवट कारखान्यात.