राहू द्या मॅडम

हातांनी माणसं बरी करणाऱ्या या बाई स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. भोकरदनच्या स्टँडजवळ त्यांचा फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना होता, आणि आसपासच्या खेड्यांत त्या स्कूटीवरून घरोघर जायच्या. पेशंटला उठवायला कोणी धावलं की एवढंच म्हणायच्या, "राहू द्या." आमच्या घरानं त्यांचं नावच तसं ठेवून टाकलं.

माझ्या वडिलांना, अण्णांना, लकवा मारला होता. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी फिजिओथेरपी सुरू करा म्हणून सांगितलं आणि आईनं त्याचा सरळ अर्थ लावला, मालिश. मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा तिळाचं तेल वाटीत कोमट करून तयार होतं. मॅडमनी तेलाकडे पाहिलं, कागद वाचले, बीपी मोजलं, अण्णांना कूस बदलायला लावून नीट बघितलं आणि विचारलं, "अण्णा, तुम्हाला काय करायचंय?"

काय होतंय हे सगळे विचारत होते, काय करायचंय हे कोणी विचारलं नव्हतं. अण्णा बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "खांदमळणी."

ट्रॅक्टर आला तरी अण्णांनी बैलजोडी विकली नव्हती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, हा घरात त्यांचा मान. मॅडम जालना शहरात वाढलेल्या. बैल किती उंच, हात कुठवर जातो, जोर किती लागतो, सगळं त्यांनी विचारून घेतलं. "म्हणजे मालिश करून घ्यायची न्हाई, करायची आहे. मंग बराबर. तिथूनच सुरू करू. सगळं परत येईल असं मी सांगत न्हाई. जेवढं येईल तेवढं वापरायला लावीन."

मला वाटलं होतं, आता यंत्रं येतील. आलं काहीच नाही. आधी खाटेच्या काठावर बसणं, मग उजवा तळवा खाटेवर टेकवून त्यावर भार देणं. पुढे अण्णा उभे राहू लागले तेव्हा मॅडमनी गोठ्याच्या भिंतीवर बैलाच्या खांद्याएवढ्या उंचीवर चुन्याची रेघ ओढली आणि तिथवर फडकं चोळत न्यायला लावलं.

आईला हे बघवत नसे. ती घास भरवायची, गुंड्या लावायची. मॅडम एकदा तिला म्हणाल्या, "आई, तुमची सेवा त्यांच्या हाताचं काम खाऊन राह्यली."

आईला ते लागलं. "मंग काय नवऱ्याला उपाशी ठिवू?"

"उपाशी न्हाई. उशिरा जेवू द्या."

एका दुपारी अण्णांनी फडकं फेकलं. "न्हाई होत," म्हणाले आणि रडले. मी पुढे झालो तशी नेहमीची हाक आली, राहू द्या. मला बाईचा राग आला. मग सहज त्यांच्या पाठीमागच्या हातांकडे नजर गेली. बोटं एकमेकांत घट्ट रुतली होती, हात पुढे जाऊ नयेत म्हणून. त्या तशा का उभ्या राहतात ते मला तेव्हा कळलं, आणि त्या क्षणापासून मला या बाईबद्दल जे वाटतं त्याला आदर हा शब्द थिटा पडतो. अण्णांनी डोळे पुसले आणि वाकून फडकं उचललं.

खांदमळणीला मॅडम गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. अण्णांनी डावा हात चांद्या बैलाच्या पाठीवर टेकवला. लोण्यानं माखलेला उजवा हात थरथरत वर गेला, एकदा घसरला, पुन्हा गेला आणि खांद्यावर फिरू लागला. आई पदर तोंडाला लावून उभी. जड जिभेनं अण्णा म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मग दाराकडे वळून, "बाई, तुमी बी."

पोळ्याला त्या आल्या. आई मॅडमच्या ताटात पुरणपोळी वाढायला वाकली तर अण्णाच म्हणाले, "राहू दे." त्यांनी उजव्या हातानं पोळी उचलली. अर्धी ताटात पडली, अर्धी बाहेर.

मॅडमनी बाहेरची आधी खाल्ली.

ठरवलेलं काम झालं होतं; त्यानंतर त्या आमच्याकडे उपचार करायला आल्या नाहीत. पुढे लग्न होऊन दूर गेल्या. अण्णा अजून सांडत जेवतात. आईचा हात मधेच पुढे येतो, थांबतो, आणि ती तो पाठीमागे नेते.