कॅम्पसची बोलणी

आमच्या वेळी कॉलेजात संधी नावाचा प्रकार नव्हता. गॅदरिंग असायचं. एकदा मी नाटकात होतो, म्हणजे पडदा ओढायला होतो. तो नेमका शेवटी अडकला आणि मेलेली नायिका बराच वेळ तशीच स्टेजवर पडून राहिली. अखेर ती स्वतःच उठली, पदर झटकला आणि आत चालती झाली. त्या दिवसातल्या सगळ्यात जास्त टाळ्या तेव्हा पडल्या. माझ्या कॉलेज-जीवनातलं हे एवढंच यश. घरात ते मी इतक्यांदा सांगितलंय की हल्ली पोरं नायिकेच्या आधीच उठून जातात.

पुतणीच्या कॉलेजात मात्र रोज काही ना काही. तिचा मोबाइल सकाळी वाजायला लागायचा. युवक महोत्सव, श्रमसंस्कार शिबिर, विद्यापीठात कार्यशाळा, स्पर्धा परीक्षांचं मार्गदर्शन. ओट्यावर बसून ती आम्हाला वाचून दाखवायची आणि आम्ही चहा पीत हवामानाचा अंदाज ऐकावा तसं ऐकायचो. महोत्सवाच्या वेळी शेतात मिरची तोडायला आलेली होती. शिबिराला आठवडाभर बाहेर राहावं लागणार होतं. कार्यशाळेच्या दिवशी कुणाच्या तरी घरी मयताची गंधमुक्ती होती. तिला नाही असं कुणीच म्हणालं नाही. आमच्या घरात नाही म्हणायची पद्धत नाही, "पाहू" म्हणायची आहे. पोरगी तीन वर्षं पाहूवर शिकली.

तिचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला लकवा झाला तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती. तोवर तिला मोटारसायकलवर प्रकाशा गावाच्या स्टँडपर्यंत सोडणारा, तिच्या फीचं बघणारा, "शिकू द्या तिले" म्हणणारा तोच होता. आता उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढच्या खोलीत खाटेवर पडून असतो. मग तिच्या बाबतीतले सगळे निर्णय जिभाऊंकडे गेले. जिभाऊ आमचे चुलते, भाऊबंदकीतले सगळ्यात वडील. पोरांपासून सुनांपर्यंत सगळे त्यांना जिभाऊच म्हणतात. माणूस शब्दाचा पक्का. रागावतो फार, पण जेवायच्या आधी निवतो.

शेवटच्या वर्षाला धुळ्याकडचं एक स्थळ आलं. त्यांना घाई होती. त्याच सुमाराला कॉलेजात एका औषधाच्या कंपनीचा कॅम्पस इंटरव्ह्यू ठरला. कंपनी गुजरातेतली, अक्कलकुव्यावरून हायवेने पुढे गेलं की येणारी. लॅबमध्ये केमिस्ट्रीच्या पोरी घेणार होते. पुतणी सगळ्यांसमोर जिभाऊंच्या पुढे येऊन उभी राहिली.

"जिभाऊ, हाऊ कॅम्पस होऊ द्या. त्यामा मी लागनी तं लगीन दोन साल थांबाडा. नही लागनी तं तुम्ही म्हनशात तठे मी जासू."

जिभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग खाटेवरच्या भावाकडे पाहिलं. "शब्द दिधा," म्हणाले. वहिनींनी आत डोळ्याला पदर लावला. पोरीच्या पायाखाली तेवढी एकच फळी होती, हे घरातल्या लहान पोरालाही कळत होतं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी ती एस्टीने निघणार होती. फाइल काखेत, वेणी घट्ट. अंगणात येते तर क्रूझर उभी आणि आत भाऊबंदकी बसलेली. पांढऱ्या टोप्या, धुतलेली धोतरं, एकाच्या अंगावर तर लग्नातला कोट.

"हाई काय जिभाऊ?"

"काय म्हंजे? एकली पोर कशी जाई? घरना मानसं मरी गयात का?"

"तठे सगळा पोरं एकलाच येतस. मन्ही परीक्षा शे, मन्हं लगीन नही."

"लगीन त्यान्हापेक्षा सोपं ऱ्हास. बस गाडीमा."

हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. आमच्याकडे महत्त्वाच्या कामाला एकटं कुणी जात नाही. बैल घ्यायला मंडळी जाते, कोर्टाच्या तारखेला मंडळी जाते. भावाला नंदुरबारला दवाखान्यात नेलं तेव्हा अख्खी पिकअप भरून लोक बाहेर निंबाखाली बसले होते. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "पेशंटचे नातेवाईक कोण?" तर सगळं झाडच उठून उभं राहिलं. आपल्या माणसाच्या मागे किती माणसं आहेत हे समोरच्याला दिसलं पाहिजे, मग तो नीट वागतो, असा आमचा हिशेब. मी शिकलेला म्हणून मला अशा वेळी पुढे बसवतात, आणि बोलायची वेळ आली की मागे ढकलतात. त्या दिवशी माझ्याकडे पिशवी होती. पिशवीत टॉवेल, टोपी आणि नारळ.

गाडीने तापीचा पूल ओलांडला. शहाद्याला कॉलेज येईपर्यंत पोरीने मांडीवरच्या फाइलचा कोपरा मोडून ठेवला होता.

कॉलेजात मांडव, बॅनर, खुर्च्या. पोरं नव्या शर्टात. एकाच्या शर्टावर तर दुकानातल्या घडीच्या रेषा तशाच होत्या. कॅम्पसचं सगळं बघणारे सर तरुण होते, टाय लावलेले, घामाने डबडबलेले. आमची दिंडी फाटकातून आत येताना पाहून ते धावत आले.

"काका, हा पालकांसाठी कार्यक्रम नाहीये."

"आम्ही आठे सावलीमा बसतस. तुम्ही तुमनं चालू द्या," जिभाऊ म्हणाले, जणू मांडव आमचाच होता आणि सरांना आम्ही परवानगी देत होतो.

सर पोरीकडे बघून नुसते हसले. तिने मान खाली घातली.

तिच्याबरोबर एक मैत्रीण होती, अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या पाड्यावरची. दोघी एकाच बाकावर शिकलेल्या. मैत्रीण हॉस्टेलवर राहायची. जिभाऊंनी तिला विचारलं, "तुन्हा संगे कोण उनं?"

"कोणी नाही, बाबा. आई-वडील ऊसतोडीला गेलेत, गुजरातेत."

जिभाऊंना गलबलून आलं. आमच्या डब्यातली पुरी-भाजी त्यांनी तिच्या हातावर ठेवली आणि ती गेल्यावर म्हणाले, "बिचारीना मांगे कोनीच नही. ही पोरले कोन ईचारी?"

पुतणीचा इंटरव्ह्यू जेवणाच्या आधी झाला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी कितीतरी महिन्यांनी उघडलेला पाहिला. "चांगलं झायं, काका," एवढंच म्हणाली आणि मैत्रिणीला घेऊन आत हॉलमध्ये गेली, कारण सगळ्यांना एकत्र बसवून काहीतरी दाखवणार होते.

जेवायच्या सुट्टीत कंपनीचे लोक बाहेर आले. एक पोक्त साहेब आणि एक तरुण बाई. जिभाऊ उठले, टोपी सारखी केली. त्यांच्याबरोबर आम्ही सगळे उठलो. सर कुठेतरी पोळ्या मोजण्यात अडकले होते.

"साहेब, रामराम. वो चश्मेवाली पोरगी हमारी. बाप खाट पे है, तो बाप हमीच. दो-चार बात पहले बोल लेते, बाद में कटकट नको."

साहेब थांबले. भले माणूस होते. हातातलं ताट तसंच धरून ऐकत राहिले.

जिभाऊंनी मग रीतसर बोलणी केली. पोरीला रात की पाळी नको, आमच्या घरात दिवे लागल्यावर बाई अंगणाबाहेर जात नाही. राहायची जागा बायकांचीच पाहिजे. कानबाई, अखाजी अशा सणांना घरी पाठवलं पाहिजे, त्यात मागेपुढे चालणार नाही. आणि घरात काही बरंवाईट झालं तर आम्ही गाडी घेऊन येऊ, तेव्हा लगेच सोडायचं. प्रत्येक मुद्द्याला मागून आमची मंडळी "बराबर शे" म्हणत होती. मीही म्हटलं असेल. मला ते सगळं बरोबरच वाटत होतं.

"ठीक है काका, समझ गए," साहेब म्हणाले.

"देखो, पोरगी गाय है गाय. कभी उलटके नहीं बोलेगी."

मी पिशवी उघडली. साहेबांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली. ते नको नको म्हणत होते, पण एका हातात ताट असलेल्या माणसाला फार विरोध करता येत नाही. बाईंसाठी आम्ही काही आणलं नव्हतं, कारण साहेब बाई असू शकतो हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांना नारळ दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि आता याचं काय करायचं अशा चेहऱ्याने साहेबांकडे पाहिलं.

परतताना गाडीत नुसता आनंद. "मानसं भला शेतस. एक बी गोष्ट मोडी नही!" इतकी सोपी बोलणी आमच्यापैकी कुणी आजवर पाहिली नव्हती. पुढच्या सीटवरून पुतणीने मागे वळून विचारलं, "कसानी बोलनी?" जिभाऊंनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, हौसेने, साहेबांच्या आवाजासकट. ती ऐकत गेली. मग पुढे तोंड करून बसली आणि घरापर्यंत तिने मान वळवली नाही. दिवसभराची दमली असेल, असं कोटवाला म्हणाला.

पुढच्या आठवड्यात सरांचा मला फोन आला. पालक म्हणून कॉलेजात माझा नंबर होता. डोंगरातल्या मैत्रिणीचं नाव लागलं होतं, आमच्या पोरीचं नव्हतं.

"मार्क कमी पडले का, सर?"

"नाही हो काका. पेपरात ती वर होती. तिन्ही शिफ्टला करीन म्हणून सांगितलं होतं तिने, अगदी ठामपणे. पण दुपारी तुमच्या मंडळींनी..." ते थांबले. "त्यांचं म्हणणं, घरच्यांची तयारी नाही. मुलगी शिकवून तयार करायची आणि महिन्याभरात गाडी येऊन घेऊन जाणार. मी फार सांगून पाहिलं, काका."

मी फोन ठेवला तर ती दारात उभी होती. मैत्रिणीने तिला आधीच कळवलं होतं. बातमी सांगताना मैत्रीणच रडत होती म्हणे.

"सर काय म्हनेत?"

मी सांगितलं. दुसरं काही सुचलं असतं तर ते सांगितलं असतं.

"माले त्याच दिवशी गाडीमा समजी गयं व्हतं," ती म्हणाली आणि गोठ्याकडे गेली.

जिभाऊंना काही पटेना. "नही म्हनानं व्हतं तं तठेच म्हनता! मी काय आडी बसनू व्हतू? दुसरी बोलनी करतूत." दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. मग त्यांनी क्रूझरवाल्याला निरोप धाडला. थेट कंपनीत जायचं, मंडळी घेऊन, आणि रात्रपाळी चालेल असं सांगून यायचं. कोटवाल्याने कोट इस्त्रीला दिला. शेवटी पुतणीच त्यांच्या घरी गेली. "जिभाऊ, आते नको," एवढंच म्हणाली. क्रूझर रद्द झाली.

जिभाऊंनी आपला शब्द पाळला असता यात मला तेव्हाही शंका नव्हती. आता पाळायचा होता तो तिने, आणि तिने पाळला.

धुळ्याकडची मंडळी आली. पुढची खोली पाहुण्यांना लागणार म्हणून भावाची खाट आम्ही मागच्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांजवळ नेली. बैठक पडली, सुपारी फिरली. मुलाचे आजोबा मोकळ्या मनाचे होते, सगळं आधीच स्पष्ट सांगून टाकणारे. घरचं खटलं मोठं आहे. दूध पहाटेच काढावं लागतं. गडीमाणसांची जेवणं उशिरापर्यंत चालतात. नोकरीबिकरीचं आमच्याकडे काही नाही, तशी गरजही नाही. माहेरी यायचं म्हणाल तर दिवाळीला, तेही पहिल्या वर्षी जमेल असं नाही.

"आता तुमचं काही असेल तर सांगा," ते म्हणाले.

सगळ्यांनी जिभाऊंकडे पाहिलं. मीही पाहिलं. जिभाऊंनी टोपी सारखी केली. त्यांचा हात थोडा वेळ टोपीवरच राहिला.

"आमनं काय ऱ्हाई? पोर तुमन्ही शे आते."

मागून मंडळी म्हणाली, "बराबर शे." मुलीकडच्यांनी अटी घालायच्या नसतात. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, ते अंगातच आहे.

पाहुणे गेल्यावर ती कपबशा गोळा करायला बाहेर आली. मी एकटाच होतो. जिभाऊ ओट्यावर चपला घालत होते.

"काका, त्या कंपनीवाल्यासले इतलं सांगं. यासले रात-पहाटनं काबर काहीच नही ईचारं?" आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

"कंपनी परकी व्हती ना," मी म्हणालो. असली उत्तरं माझ्याकडे तयार असतात.

ओट्यावर चपलांचा आवाज थांबला. मग जिभाऊ पायऱ्या उतरून गेले. एरवी जाताना ते आतल्याला हाक मारल्याशिवाय जात नाहीत.

ती कपबशा आत ठेवून आली. "पाय धरा, अण्णाले पुढे आनू." अण्णा म्हणजे तिचा बाप. आम्ही दोघांनी खाट जागेवर आणली, त्याला डाव्या कुशीवर वळवलं. तिने त्याची हनुवटी पुसली, खालची चादर ओढून सरळ केली.

"ठरी गयं, अण्णा," ती म्हणाली.

त्याने आवाज काढला. घशातून येतो तसला, ओढलेला, बराच वेळ चाललेला. तो काय म्हणतो हे तिच्याशिवाय घरात कुणालाच कळत नाही, वहिनींनाही नाही.

"काय म्हने?" मी विचारलं.

"पानी मांगस," ती म्हणाली आणि आणायला गेली. ती वळली तरी त्याचा आवाज चालूच होता. मी त्याचे पाय धरून तसाच उभा राहिलो.